एक डबा, की दोन?

४ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. काकूचा नमस्कार तिला फोनवरच करून टाकला. तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून तुमचा टपालाने पाठवते आहे.

नव्या घरात सामान लागलं. स्वयंपाकघरामागे दहा बाय बाराची एक खोली आहे. आधीचे लोक तिथे जुन्या गाद्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवायचे. ती मी मागून घेतली. नवरा म्हणाला, "तुला वेगळी खोली कशाला?" मी म्हटलं, ऐकायला. तो जमीन मोजणीच्या खात्यातला माणूस. त्याने मुकाट्याने फीत काढली, चारही भिंती मोजल्या आणि कागदावर लिहून दिलं की खोलीचा एक कोपरा काटकोनात नाही. बाकी काही बोलला नाही, म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरलं.

स्पीकर घेतले. रेकॉर्ड प्लेअर आला. ॲम्प्लिफायर राहिला, आणि तिथेच घोडं पेंड खातंय. बसने तासाभराच्या अंतरावर एक दुकान आहे, तुमच्या घराकडून येताना वाटेतच लागतं. तिथला दुकानदार म्हणतो, "ताई, इंटिग्रेटेड घ्या, एकच डबा, सगळं आत." पण लहानपणापासून तुमच्या तोंडून ऐकलंय की प्रीॲम्प वेगळा आणि पॉवर ॲम्प वेगळा असेल तरच त्याला आवाज म्हणायचं. चाळीस वर्षं लोकांचे ॲम्प दुरुस्त करणारा काका घरात असताना मी दुकानदाराचं का ऐकू?

तर काका, तुम्ही या. दोन वर्षं झाली, तुम्ही कोणाकडेच गेलेला नाहीत. डबा तुम्ही निवडायचा, तारा तुम्ही जोडायच्या आणि पहिल्या खुर्चीत तुम्ही बसायचं. तुम्ही येईपर्यंत या खोलीत पहिली रेकॉर्ड लागणार नाही, हे मी घरात जाहीर करून बसले आहे. नवरा म्हणतो, मग खोलीत गाद्याच ठेवू. आता माझी लाज तुमच्या हातात आहे.

तुमची
टिकली


१३ फेब्रुवारी

चि. टिकलीस,

अनेक आशीर्वाद. फोन हे आवाजाची विटंबना करणारं यंत्र आहे. त्यात माणसाचा आवाज चाळणीतून गाळून येतो, आणि चाळणीत उरतो तो माणूस. म्हणून मी पत्रच लिहिणार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येईल, पण देणार नाही. नीट वाच.

प्रीॲम्प हा कारकून आहे. रेकॉर्डवरून येणारा जीव मुठीएवढासुद्धा नसतो. तो जपून आत घ्यायचा, आवाज किती ठेवायचा ते ठरवायचं आणि पुढे पाठवायचं, हे त्याचं काम. पॉवर ॲम्प हा हमाल. तो ओझं उचलून स्पीकरपर्यंत नेतो. आता कारकून आणि हमाल एकाच टेबलावर बसवले, तर हमालाने पोतं टाकलं की कारकुनाची शाई सांडणारच. इंटिग्रेटेडमध्ये नेमकं हेच होतं. मोठा ट्रान्सफॉर्मर शेजारी गुणगुणत बसतो आणि नाजूक भागाला त्याची बाधा होते. दोघांना वेगळं ठेव. वेगळं घर, वेगळी वीज, मध्ये एक चांगली तार. उद्या हमाल थकला तर तेवढाच बदलता येतो, कारकुनाची नोकरी जात नाही.

दुकानदार सांगेल की जागा कमी लागते, तारा कमी लागतात, एकाच कंपनीने एकाच हाताने जुळवलेलं असतं. हे सगळं खरं आहे. पण खरं आणि चांगलं यांत फरक असतो.

आणि बटणं असलेला डबा घरात आणशील तर माझ्याशी गाठ आहे. ट्रेबल म्हणजे बारीक आवाज वाढवायचं बटण, बास म्हणजे जाड आवाज वाढवायचं बटण, हे सगळं पानात वाढलेलं चाखायच्या आधीच मीठ मागणाऱ्या लोकांसाठी असतं. ज्याने रेकॉर्ड केलं त्याला अक्कल होती असं समजून ऐकायचं.

येण्याचं म्हणशील, तर गुडघा धरलाय. बसची पायरी चढवत नाही. सोबत तारांच्या जोडणीचं चित्र काढून पाठवतो आहे, त्याबरहुकूम कर. पहिली रेकॉर्ड लावून टाक. माझ्यासाठी अडून राहू नकोस.

तुझा
काका


२ मार्च

तीर्थरूप काका,

चित्र मिळालं. भिंतीवर लावलं. नवऱ्याला वाटलं एखाद्या गटाराचा नकाशा आहे. त्याने प्रमाण विचारलं.

मी त्या दुकानात जाऊन आले. एक इंटिग्रेटेड ऐकला, मग दोन डब्यांची जोडी ऐकली. फरक लगेच कळला. दोन डब्यांत प्रत्येक वाद्य आपापल्या खुर्चीत बसलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, कान तयार आहेत तुमचे." मी म्हटलं, ते काकांनी घडवलेत, मी नुसते वापरते.

पण रेकॉर्ड मी लावणार नाही. तुमच्या गुडघ्याची व्यवस्था केली आहे. आमच्या गल्लीतला टॅक्सीवाला दारापर्यंत आणून सोडेल, एकही पायरी नाही. मी महिनाअखेरीस चार दिवस रजा काढते. लॅबमध्ये सध्या कवळ्यांचा ढीग पडलाय, तरी काढते. दोन डबे आधी दुकानात तुम्ही ऐका, मान डोलवा, मग घरी आणू.

दर रविवारी आई कामावर जायची, आणि बाबा गेल्यानंतर मला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही मला तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसवायचात. एवढं मोठं काम तुम्ही माझ्यासाठी केलंत, आता एक टॅक्सीत बसायचं काम करा.

टिकली


२० मार्च

चि. टिकलीस,

आशीर्वाद.

विचार बदलला. इंटिग्रेटेड घे. एकच डबा. त्याला ट्रेबल-बासची बटणं असलीच पाहिजेत, ती बघून घे. दुकानात डावीकडच्या फळीवर वरून दुसरा आहे, राखाडी रंगाचा, तो चांगला आहे.

टॅक्सी पाठवू नकोस. मला जमणार नाही. रेकॉर्ड लाव.

काका


२७ मार्च

काका,

नमस्कार. हे पत्र मी दोनदा फाडलं, हे तिसरं.

फेब्रुवारीत चार पानं भरून कारकून आणि हमाल सांगितलेत. मार्चमध्ये चार ओळी, आणि तीही बटणांचा डबा घे म्हणून. काय झालं मध्ये? दोन डबे मला झेपणार नाहीत असं वाटलं का? दिवसभर मी केसाएवढ्या फरकाचे दात घासून जुळवते. कोणाची दाढ अर्धा मिलिमीटर उंच झाली तर त्याचं जेवण बंद होतं. मला दोन डबे आणि एक तार जोडता येणार नाही?

आणि काल त्या दुकानात गेले तेव्हा कळलं की तुम्ही स्वतः तिथे येऊन गेलात. सतरा तारखेला. बसने. गुडघ्यासकट. दुकानदार तुमचं कौतुक करून थकेना. म्हणाला, "ताई, तुमच्या काकांनी पुतणीने ऐकलेली जोडी मागितली, दहा मिनिटांत बंद केली. मग राखाडी डबा लावला, ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि दोन तास ऐकत बसले. दोन गिऱ्हाइकं कानांवर हात ठेवून बाहेर गेली. पण ते हललेसुद्धा नाहीत. स्पीकरचा दम बघत असणार. असे कान राहिले नाहीत आता." मी हो हो म्हटलं.

माझ्या घरापासून एका तासावर येऊन तुम्ही परत गेलात, काका. मला कळवलंसुद्धा नाहीत. माझं काही चुकलं असेल तर कान धरा, पण हे असं तोंड फिरवू नका. मला फार लागलंय, आणि मी ते लपवणार नाही.

टिकली


१ एप्रिल

टिकले,

हे लिहिलंय त्या कागदाच्या मागे सामानाची यादी आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. हे अंघोळीला गेलेत तेवढ्यात लिहितेय.

तुझं पत्र वाचून यांनी जेवण टाकलं. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. गुडघा ठणठणीत आहे, रोज तीन जिने चढतात. ह्यांना ऐकू येत नाही, एवढंच झालंय. दोन वर्षं झाली. जाड आवाज येतात, बारीक सगळे गेले. दारावरची घंटा, माझी हाक, चिमण्या. दूध उतू जाऊन गॅस विझला तरी शेजारी पेपर वाचत असतात. मी काही म्हटलं की माझ्याकडे बघून हसतात आणि हो म्हणतात. फोनला हात लावत नाहीत ते ह्याचसाठी, विटंबना वगैरे सगळं तोंडाची वाफ.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, डॉक्टरला काय कळतं आवाजातलं. खरी गोष्ट एकदा झोपायच्या आधी बोलून गेले. म्हणाले, "त्या पोरीला मी दुसरं काय दिलं? कानच दिले. तिच्या खोलीत बसून मला काही ऐकू आलं नाही तर ती मला ओळखायची सुद्धा नाही."

मी सांगितलं हे सांगू नकोस. पाणी बंद झालं. थांबते.

काकू


७ एप्रिल

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. मागच्या पत्रातला राग मागे घेते.

एक गोष्ट सांगते. परवा लॅबमध्ये एक गृहस्थ आले, म्हणाले दात सगळे उत्तम आहेत, बायकोने उगाच पाठवलं. मी त्यांना बिस्किट दिलं. त्यांनी ते डाव्या गालात ढकललं. मी म्हटलं, उजवीकडची खालची दाढ कधी पडली? ते माझ्याकडे भुताकडे बघावं तसं बघत राहिले. काका, माणूस चावतो कसा त्यावरून मला कळतं काय पडलंय ते. आणि ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवून जो माणूस दोन तास शांत बसतो, त्याचं काय गेलंय तेही कळतं. जरा उशिरा कळलं, इतकंच. मला कोणी काही सांगितलेलं नाही.

तुमच्या तोंडात मी केलेली कवळी आहे. ती लावून तुम्ही जेवता, तेव्हा त्याला भेसळ म्हणत नाही. मग कानाला मशीन लावलं तर आवाज बाटतो का? लोक दात बसवून लग्नात फोटो काढतात आणि कानाचं मशीन मात्र केसांखाली लपवतात. मला हे कधी समजलेलं नाही.

आता माझं ऐका. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. रविवारी तुम्ही मला स्टुलावर बसवून एक ॲम्प लावायचात, मग दुसरा. मग विचारायचात, "आला फरक ऐकू?" मी हो म्हणायचे. काका, मला कधीही फरक ऐकू आला नाही. एकदाही नाही. तुमचा चेहरा बघून मी ओळखायचे. तुमच्या भुवया वर गेल्या की म्हणायचे हा चांगला. वाद्यं आपापल्या खुर्चीत बसतात हे वाक्यही तुमचंच, मी पाठ केलं होतं. मार्चमध्ये दुकानातसुद्धा मला काही कळलं नाही. दुकानदाराच्या भुवया बघितल्या.

तुम्ही मला कान दिले असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही झालेलं नाही. माझे कान अगदी सामान्य निघाले. मी ऐकायला यायचे ते तुमच्याशेजारी बसायला मिळायचं म्हणून. बाबा गेल्यावर घरात सगळे हळू आवाजात बोलायचे. तुमच्या दुकानात कोणीतरी मला मोठ्याने प्रश्न विचारायचं आणि उत्तराची वाट बघायचं. मला तेवढंच हवं होतं, आणि अजूनही तेवढंच हवंय.

डबा कुठलाही आणा. तुम्ही येताय का, एवढंच कळवा.

टिकली


१५ एप्रिल

लबाड पोरी,

आशीर्वाद देतो, पण मनापासून देईन की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

पत्र वाचून पहिले दोन दिवस मी तुझ्यावर धुमसत होतो. तीस वर्षं. माझ्या धंद्यात मी एकाच माणसाच्या कानावर विश्वास ठेवला. एकदा एका बड्या गिऱ्हाइकाचा ॲम्प मी पुन्हा उघडला, कारण तू म्हणालीस की डावीकडचा आवाज दबलाय. आत खरंच एक सांधा सुटलेला निघाला. तो मी कुठल्या भुवईने सांगितला तुला?

तिसऱ्या दिवशी मला हसू आलं. इतकं आलं की तुझी काकू बाहेर येऊन बघून गेली. माझे कान गेले म्हणून दोन वर्षं मी तोंड लपवून बसलो, आणि ज्या पोरीपासून लपवलं तिला मुळात काही ऐकूच येत नव्हतं. आंधळ्याने बहिऱ्याला वाट दाखवावी, तसे आपण दोघे.

आता खरं सांगतो. सतरा तारखेला ती जोडी ऐकली. एका रेकॉर्डवर बासरी आहे. वेष्टनावर बासरीवाल्याचा फोटो आहे. फुंकतोय हे दिसतंय. मला बासरी ऐकू आली नाही. तबला आला, तानपुरा अर्धा आला, बासरीच्या जागी नुसता वारा. त्या दोन डब्यांना बटणं नाहीत, काही करता येईना. मग राखाडी डबा लावला, ट्रेबल फिरवत गेलो, आणि शेवटच्या खुणेपाशी ती आली. कुठूनतरी लांबून, पण आली. दोन वर्षांनी. मला उठवेना तिथून. गिऱ्हाइकं गेल्याचं मला कळलंही नाही.

म्हणजे तुला सांगितलेला डबा तुझ्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. कधी तुझ्याकडे आलोच तर मला काहीतरी ऐकू यावं म्हणून. चाळीस वर्षांत कोणाला मी स्वार्थी सल्ला दिला नाही, तो तुला दिला. त्याची लाज वाटली, म्हणून चार ओळींत आटोपलं.

शनिवारी दुपारच्या बसने येतो. टॅक्सी नको, गुडघ्याला काही झालेलं नाही. डॉक्टरचं काय करायचं ते आल्यावर बघू. बघू म्हणजे हो नव्हे.

आणि तुला कोणी काही सांगितलेलं नाही, हे मी मान्य करतो. तुझ्या काकूला बरं वाटावं म्हणून.

काका


४ मे

सौ.स,

आपल्या लग्नाला सदतीस वर्षं झाली आणि तुला हे माझं पहिलं पत्र. मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून तसंच सुरू करतो. फोन केला असता, पण नवं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं.

हो, मशीन. टिकलीने मला फसवून नेलं. म्हणाली, लॅबशेजारी एक बाई आवाज मोजतात, बघायला चला. आत गेल्यावर कळलं की मोजायचा तो मी. त्या बाईने आलेख काढला. डावीकडून सरळ येतो आणि मग दरीत पडतो. मी जन्मभर ॲम्पचे असे आलेख काढले. तो कागद एखाद्या ॲम्पचा असता तर मी गिऱ्हाइकाला म्हटलं असतं, राहू द्या, नवा घ्या. बाई म्हणाल्या, यातलं बरंच भरून काढता येईल. कारागीर बाई आहे. मी तिला चार प्रश्न विचारले, तिने पाच उत्तरं दिली.

पहिला दिवस सगळं पत्र्याचं वाटलं. वर्तमानपत्राची घडी मोडली तरी दचकायचो. आता बरं आहे.

ॲम्पची हकीकत ऐक. राखाडी डबा आणला. एकच डबा. मीच जोडला, चार तारांत काम झालं, आणि माझं चित्र टिकलीच्या नवऱ्याने भिंतीवरून काढून जपून ठेवलं, का ते माहीत नाही. पहिली रेकॉर्ड लागली तेव्हा मशीन आलं नव्हतं. मी ट्रेबल शेवटपर्यंत नेलं. टिकली डोळे मिटून बसली होती, मला वाटलं रमली. नंतर बघतो तर दात आवळून बसली होती. तेव्हा आमचा करार झाला. रेकॉर्डची एक बाजू माझी, बटण मला हवं तिथे. दुसरी बाजू तिची, बटण मध्यावर. माझी बाजू लागली की तिचा नवरा गच्चीवर जाऊन टाकीची उंची मोजतो.

दोन डब्यांत हा करार झाला नसता. त्यांत तडजोडीला बटणच नसतं. मी चाळीस वर्षं लोकांना एकच शिकवलं आणि आता उलटं सांगतोय, याचं मला काही वाटत नाही. मशीन आल्यापासून माझी बाजूही जवळजवळ मध्यावर आली आहे. टिकलीला अजून कशातलाही फरक कळत नाही आणि आता ती तसं तोंडावर सांगते. रोज संध्याकाळी आम्ही दोघे त्या वाकड्या कोपऱ्याच्या खोलीत बसतो. मी प्रश्न विचारतो, ती म्हणते, "काही कल्पना नाही काका." मला इतकं सुख फार वर्षांत झालं नव्हतं.

आता मुद्द्याचं. दोन वर्षं तू बोलत होतीस आणि मी ऐकू न येता हो म्हणत होतो. तुझ्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायचो. रागावलेली नसलीस की हो. कशाकशाला हो म्हटलंय ते मला ठाऊक नाही, आणि आता घरी यायची जरा भीती वाटते. एकदा यादी करून ठेव.

शुक्रवारी सकाळच्या बसने निघतो.

तुझा
(हे लिहितानाही लाज वाटली)


७ मे

अहो,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं. शेवटची ओळ गाळून.

यादी केली. लांब आहे. बैठकीच्या खोलीला रंग द्यायला तुम्ही हो म्हणालात, तो देऊन झाला, तुमच्या लक्षात आला असेलच. तुमच्या दुकानातली मोडकी पेटारी भंगारात द्यायला हो म्हणालात, पण ती मी दिली नाही. तेवढी मी वाईट नाही. माझ्या बहिणीला दोन महिने राहायला बोलवायला हो म्हणालात, ती जूनमध्ये येतेय.

आणि एक आहे. मागच्या सप्टेंबरात तुम्ही पेपर वाचत होता. मी तुमच्या मागे उभी राहून, मुद्दाम बारीक आवाजात, विचारलं की मी पोहायला शिकू का. तुम्ही मान वर न करता हो म्हणालात. तुम्हाला ऐकू आलेलं नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तेव्हा विचारलं. समोर बसून विचारलं असतं तर तुम्ही हसला असता, एकसष्टाव्या वर्षी म्हणून.

आठ महिने झाले. रोज सकाळी भाजी आणायला म्हणून जाते ती तलावावर जाते. भाजी येताना आणते. पहिला महिना काठ सोडला नाही. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जाते. शिकवणारी बाई म्हणते, पुढच्या महिन्यात उलटं पोहायला शिकवीन. रोज ओले केस घेऊन तुमच्यासमोर चहा ठेवत होते. तुमचे कान गेले होते, डोळे कुठे गेले होते ते मात्र मला समजलं नाही.

आता ऐकू यायला लागलंय तर हो मागे घेऊ नका. मला तिथे फार बरं वाटतं. शुक्रवारी घरी येताना किल्ली तुमच्याकडची वापरा आणि दूध बघा. साडेनऊपर्यंत मी पाण्यात असते.

तुमची
(मला नाही लाज वाटली)